सत्तावीसबाई

सत्तावीसबाई कमरेला थर्मामीटर खोचून हिंडायच्या. आमच्याकडच्या बाया जिथे चंची नाहीतर किल्ल्यांचा जुडगा खोचतात, तिथे यांची काचेची नळी, तिच्या पत्र्याच्या नळकांड्यासकट. प्रयोगशाळेतल्या त्या आतल्या लहान खोलीत शिरलं की आधी नळी बाहेर निघायची. टेबलावर ठेवून बघ, वरच्या फळीवर बघ, खालच्या फळीवर बघ, दाराच्या फटीशी बघ. "एकोणतीस हाय. एसीला काय झालंय?" असं कुणाकडेही न बघता विचारायच्या आणि जो जवळ असेल त्याला एसीच्या मागे लागावं लागायचं. सत्तावीस आलं की नळी परत कमरेला. बाहेरच्या कारकुनांनी चेष्टेनं त्यांचं नाव सत्तावीसबाई पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "असू द्या की. निदान हे नाव म्या कमवलेलं हाय."

आता सत्तावीसच का, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा चळला. गोष्ट परभणीची आहे, नामांतराच्या धामधुमीतल्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. आम्ही एका पतंगाच्या अंडाशयातल्या पेशी बाटलीत वाढवत होतो. तळहाताएवढी चपटी बाटली, तिच्यात पिवळसर पाणी, आणि तळाला डोळ्यांना दिसणारही नाही असा पेशींचा थर. या पेशींत एक विषाणू सोडायचा. त्या विषाणूत आपल्याला हवं ते प्रथिन बनवण्याची सूचना आधीच बसवलेली असते, आणि बिचारी पेशी मुकाट्यानं ते प्रथिन बनवत बसते. आम्हाला हवी होती मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाच्या विषाणूतली दोन प्रथिनं. ती दोन्ही एकमेकांत बरोबर बसली की एक गोल, पोकळ कवच तयार होतं. आत काही नाही, रोग देण्याची ताकद नाही, पण दिसायला हुबेहूब. ते मिळालं तर विषाणू बांधला कसा जातो ते कळणार होतं, आणि धनगरांच्या मेंढ्यांचं रक्त तपासायला उपयोग होणार होता तो वेगळाच. तर या पेशींचं मागणं एवढंच: सत्तावीस अंश. जास्त नाही, कमी नाही. विलायतेत म्हणे त्यासाठी पेटी तापवावी लागते. आमच्याकडे परदेशातून जी पेटी आली ती फक्त तापवायची, थंड करणं तिला माहीतच नव्हतं. परभणीच्या मे महिन्यात तिचा उपयोग पोळ्या ठेवायला झाला असता.

बाईंचं खरं नाव धुरपता. पूर्णेच्या. नवरा रेल्वेत गँगमन, दोन मुली शाळेत. घर बौद्ध. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्याकडे त्या आल्या त्या अळ्या पाळायच्या कामावर. हरभऱ्यावरची घाटेअळी हजारोंनी वाढवायची, भिजवलेले हरभरे खाऊ घालायचे, असं ते काम. बाकीच्यांच्या हाताखाली निम्म्या अळ्या मरायच्या, बाईंच्या मरायच्या नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर साहेबांनी त्यांना आत पेशींच्या खोलीत घेतलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. हुशार माणूस, पण हाताला चवच नाही. त्यांनी हात लावलेली बाटली चौथ्या दिवशी गढूळ व्हायची. शिकून-सवरून बोटं शहाणी होतात असं थोडंच आहे.

मी नुकताच नोकरीला लागलेलो, पंचविशीतला, कवठसोंडचा. चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून पाऊण तास चाललं की आमचं गाव. घरी जमीन, नाव, मानपान, सगळं. मला वाटलं होतं या बाई मला 'सर' म्हणतील. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊ, हात धुवा."

हे हात धुण्याचं प्रकरण मोठं होतं. खोलीच्या दाराशी साबण, मग स्पिरिट, मग आत. कुणालाही सवलत नाही. एकदा दुसऱ्या विभागाचे एक मोठे प्राध्यापक पाहुण्यांना घेऊन आले आणि तसेच आत शिरायला लागले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. प्राध्यापक आधी हसले, मग लाल झाले, मग म्हणाले की अहो, मी घरून अंघोळ करून, देवपूजा करून आलोय. बाई म्हणाल्या, "देवाला चालत असंल. हितं चालत न्हाई." पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून त्यांनी साहेबांकडे लेखी तक्रार केली. साहेबांनी बाईंना बोलावलं, तर यांनी एक बाटली सोबत नेली. त्याच प्राध्यापकांनी महिन्यामागे, बाई सुट्टीवर असताना, झाकण उघडून बघितलेली. आत बुरशीचा पांढरा पुंजका. साहेबांनी तक्रारीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि तो विषय तिथे संपला.

आम्ही सगळे अशा वेळी इंग्रजी शब्द वापरायचो, कंटॅमिनेशन झालं म्हणायचो. बाई सरळ म्हणायच्या, विटाळ झाला. मला तो शब्द ऐकवेना. एकदा म्हणालो, बाई, तुम्ही तरी हा शब्द वापरू नका. त्या म्हणाल्या, "आमी कामून वापरायचा न्हाई? जन्मभर आमालाच ऐकवला. आता म्या भिंगातून बघितलाय, कसा असतो ते. समद्यांच्याच हाताला असतो, भाऊ. तुमच्या बी. म्हनून तर धुवायचे." त्यानंतर मी त्यांना काय बोलावं काय नाही, हे शिकवायच्या भानगडीत पडलो नाही.

पेशी एका बाटलीतून दुसरीत घ्यायच्या तर आधी तळापासून सुटाव्या लागतात. आम्ही बाटली टेबलाच्या कडेवर आपटायचो. बाई ती डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हातानं थापटायच्या, पाळण्यातलं लेकरू थापटतात तशी. चार थापा, मग भिंगाखाली बघायचं, मग अजून दोन. "आपटल्या की रुसतात," म्हणायच्या. खरं म्हणजे आपटल्या की फुटतात, पण त्यांच्या हातानं सुटलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी टवटवीत असायच्या हे मी स्वतः मोजून बघितलंय. मोजण्याचं कामही पुढे त्यांनीच माझ्याकडून काढून घेतलं. माझे आकडे गोल येतात म्हणाल्या. ते खरंच होतं, मी शेवटचे आकडे मारून मुटकून बसवायचो.

आमच्याकडे नियम होता की प्रत्येक बाटलीवर तारीख, कितवी पिढी तो आकडा, आणि बाटली ज्याच्या जिम्म्यात असेल त्याच्या नावाचं अक्षर लिहायचं. साहेबांचं म्हणणं, प्रकल्प त्यांचा, तर अक्षर त्यांचंच हवं. बाईंनी सगळ्या बाटल्यांवर काळ्या शाईनं ठसठशीत 'धु' लिहिलं. साहेबांनी बोलावून समज दिली. बाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, उद्या ह्या मेल्या तर तुमी बोलनार कुनाला?" साहेब म्हणाले, तुम्हालाच, दुसऱ्या कुणाला बोलणार? "मंग जगल्या तर बी नाव माझंच." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि 'धु' तसंच राहिलं. मला मात्र त्या दिवसापासून बाईंची थोडी धास्तीच वाटायला लागली.

आणि त्या वर्षांत नाव या गोष्टीला काय धार होती हे ज्यांनी तो काळ मराठवाड्यात काढला त्यांना वेगळं सांगायला नको. विद्यापीठाला एक नाव द्यायचं की नाही, एवढ्यावरून घरं जळली होती. चहाच्या टपरीवर, एसटीत, आमच्या स्टाफरूममध्ये, दोन माणसं बोलायला लागली की तिसरा आधी त्यांची आडनावं आठवून बघायचा. बाई त्या विषयावर आमच्यात कधी बोलल्या नाहीत. मोर्चाच्या दिवशी रीतसर रजेचा अर्ज द्यायच्या. कारणाच्या जागी 'मोर्चा' असं लिहायच्या. बाकीचे 'पोटदुखी' लिहीत.

कवच काही केल्या जमत नव्हतं. आम्ही एका बाटलीत एक प्रथिन बनवायचो, दुसरीत दुसरं, मग दोन्ही काढून एका नळीत मिसळायचो. नमुना हैदराबादला जायचा, तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि कळवायचे की गाळ आहे. तीन वेळा गाळ. परदेशात लोकांनी दोन्ही विषाणू एकाच पेशीत सोडून असली कवचं मिळवल्याचं साहेबांनी वाचलं होतं, पण त्यांना भीती की दोन विषाणूंचं ओझं आमच्या पेशींना पेलायचं नाही. बाईंना ही भीती पटेना. "येगयेगळ्या घरात वाढवायचं अन् मंग म्हनायचं, लागा गळ्यात गळा घालून. कशाला लागतील? एकाच घरात वाढू द्या की. पेशींचं माझ्यावर सोडा." हा शोध बाईंचा, असं मी म्हणत नाही. पण आमच्या पेशी ते ओझं पेलतील, हे छातीठोकपणे सांगणारं एकच माणूस त्या इमारतीत होतं.

साहेब शेवटी हो म्हणाले आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेले. मे महिना. आमच्याकडे एकूण सहा बाटल्या उरल्या होत्या. पेशी राखून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन कोरडा पडला होता, कारण नायट्रोजन यायचा तो जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या गाडीबरोबर, आणि ती गाडी महिनाभर फिरकलेली नव्हती. म्हणजे त्या सहा बाटल्या गेल्या की काम संपलं, आणि रोजंदारीवरच्या बाईंना घालवायला कुणाला तरी निमित्त सापडलं. सोमवारी दोन बाटल्यांत मी दोन्ही विषाणू सोडले. चार दिवस सत्तावीस अंशांत ठेवून शुक्रवारी पेशी काढायच्या होत्या. मंगळवारी दुपारी इमारतीमागचं रोहित्र धडाधड पेटलं आणि वीज गेली. आठ दिवस तरी येणार नाही म्हणाले.

मंगळवार बाईंनी माठावर काढला. कोरा माठ, भोवती ओलं पोतं, आत बाटल्या, आणि मिनिटामिनिटाला नळी. अठ्ठावीसच्या वर जाऊ दिलं नाही. पण वीज नाही म्हणजे पंप नाही आणि पंप नाही म्हणजे पाणी नाही. बुधवारी सकाळी टाकी तळाला गेली, पोतं वाळलं, आणि नऊ वाजताच माठात तीस झाले. मी डोक्याला हात लावून बसलो. बाईंनी नळी कमरेला खोचली.

"कवठसोंडच्या बारवंत सत्तावीस असंल," त्या म्हणाल्या.

मी चमकलो. बारव आमच्या गावची, दगडी पायऱ्यांची, खोल. तिच्यात मी पोहायला शिकलो. यांना ती कशी माहीत?

"माझं माहेर हाय ते," बाई म्हणाल्या.

दोन वर्षं मी या बाईंना कवठसोंडच्या गोष्टी सांगत होतो. हुरड्याच्या, जत्रेच्या, बारवेत मारलेल्या उड्यांच्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या होत्या. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तुमी कुठं विचारलं? मग दुरडीत ओलं धोतर अंथरता अंथरता जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बायांना बारवेच्या पायऱ्या उतरायची बंदी. वर काठाला घागर घेऊन उभं राहायचं, कुणी तरी खालून आणून ओतेल तेव्हा ओतेल. अठ्ठ्याहत्तरात वस्ती जळली तेव्हा वडील उठून पूर्णेला लेकीकडे आले, ते परत गेले नाहीत. "वर उभं ऱ्हायलं की खालून पायाला गार वारा लागायचा. बारा-तेरा वर्सं त्या वाऱ्यावर उभी होते. किती गार हाय, ते तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक हाय."

दहाच्या गाडीनं निघालो. डब्यात शेजारच्या म्हातारीनं दुरडीकडे बघून विचारलं, अंडी हायत का? बाई म्हणाल्या, तसंच समजा, आणि कापडावर पिण्याच्या बाटलीतलं पाणी शिंपडत राहिल्या. पूर्णा गेलं, चुडावा आलं. पुढे पाऊण तास उन्हातून. बाई पदराची सावली स्वतःच्या डोक्यावर नाही, दुरडीवर धरून चालत होत्या.

बारवेच्या तोंडाशी मारुतीचा पार आहे. तिथे आमचे आबा बसलेले. आबा म्हणजे माझे मोठे चुलते, घरातला आणि खरं तर गावातलाही शेवटचा शब्द त्यांचा. मी थोडक्यात सांगितलं: सरकारी काम आहे, ह्या बाटल्या दोन-चार दिवस खालच्या देवळीत ठेवायच्या आहेत. आबांनी दुरडी बघितली, बाईंना बघितलं, आणि बोलले माझ्याशी. आवाज चढवला नाही, शिवी नाही. तेच वाईट होतं.

"ठेव की. बारव काय कुनी खायलंय का? तू उतर अन् ठिव. बाईला वर बसू दे. माझं काय म्हननं न्हाई, पन गावचं वातावरन तुला म्हाईत हाय."

आणि मी बाईंकडे वळून म्हणालो, "बाई, तुम्ही जरा वर बसता का? मी ठेवून येतो." हे वाक्य मी म्हणालो. लपवत नाही. इतकी वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

बाई बसल्या. सगळ्यात वरच्या दगडावर, भर उन्हात, दुरडी मांडीवर घेऊन. मी हात पुढे केला, तर त्यांनी दुरडी सोडली नाही. कमरेची नळी काढून कापडाखाली सरकवली, जरा थांबल्या, आणि ती माझ्या हातात दिली.

"वाचा."

"एकतीस."

"ह्या माझ्या हाताच्या हायत. माझं अक्षर हाय त्याच्यावर. मी खाली तर ह्या खाली. मी वर तर ह्या बी वरच." नळी परत कापडाखाली. "वाचत ऱ्हा."

मला आधी वाटलं, दम देताहेत. ज्या बाईनं दोन वर्षं एक पेशी वाया जाऊ दिली नव्हती, ती सहाच्या सहा बाटल्या उन्हात मारील कशाला? मग मी त्यांचा चेहरा बघितला. घामानं डबडबलेला, ओठ घट्ट, आणि एक हात दुरडीवर, थापटायला ठेवतात तसा. या खरंच मरू देणार होत्या. आणि मेल्या की आपल्याला घालवतील हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी नळी काढली. बत्तीस. पुन्हा घातली. खालून तो गार वारा येत होता, माझ्या पायांना लागत होता. पुन्हा काढली.

"तेहतीस," मी म्हणालो.

"तुमच्या आबाला विचारा, कितीवर उतरू."

मी आबांकडे गेलो आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना म्हणालो, "आबा, बाजूला सरका. त्या उतरणार आहेत."

आबा म्हणाले, "बाहेरगावची बाई हाय ती. कुनासाठी भांडायलास?"

तेव्हा बाई उठल्या आणि पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या. "बाहेरगावची न्हाई. लक्षिमनची धुरपता हाय मी, कवठसोंडची. माझ्या घागरीत तुमीच तर वतायचा, आबा, हातभर वरून. मगाच वळखलंय तुमी मला."

आबांनी पारावरच्या मारुतीकडे तोंड फिरवलं. बाई पायरी उतरल्या.

अडतीस पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर बाई किंचित थबकल्या, मग दुरडी कमरेवर घेऊन भराभर उतरत गेल्या, रोज उतरत असल्यासारख्या. मी मागोमाग. पाण्यापासून चार पायऱ्या वर भिंतीत देवळी आहे. बाईंनी नळी आत ठेवली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे. पारा उतरत उतरत आला आणि सत्तावीसवर थांबला. मला वाटलं, आता काही तरी बोलतील, निदान रडतील. बाईंनी दुरडी दगडावर टेकवली आणि पाण्याकडे बोट केलं.

"हात धुवा, भाऊ."

मी धुतले. मग त्या वाकल्या आणि त्यांनी धुतले, कोपरापर्यंत, नखं घासून, जरासुद्धा घाई न करता. मग बाटल्या एकेक करून देवळीत लावल्या, 'धु' बाहेरच्या बाजूला येईल अशा.

दिवसा बाई बसायच्या, संध्याकाळी पॅसेंजरनं घरी जायच्या, मग सकाळपर्यंत मी. घरी जेवायला गेलो तर आईनं माझं ताट पडवीत वाढलं. मी जेवलो आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या फडक्यातल्या भाकरीवर राहिलो. गुरुवारी सकाळी बाई आल्या तर पायऱ्यांवर कुणी तरी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली. मी, पहाटे वर पारावर जाऊन पडलेला शहाणा, ते बघितलंच नव्हतं. बाईंनी ती चपलेनं उचकटली, टोकाला धरून ओढत खाली नेली आणि देवळीच्या तोंडाशी नीट लावली. "बरं झालं," म्हणाल्या, "बेडकाची फिकीर होती."

शुक्रवारी पूर्णेच्या कारखान्यातून बर्फ आणला. विषाणू सोडलेल्या दोन बाटल्या बाईंनी तिथेच, बारवेच्या पायरीवर बसून थापटल्या. पेशी फुगून टच्च झालेल्या. त्या बर्फात घालून मी हैदराबादची गाडी धरली. उरलेल्या चार बाटल्यांपाशी बाई वीज येईपर्यंत बसून राहिल्या. महिन्याभरानं पाकीट आलं. आत एक काळापांढरा फोटो. गोल, गोल, गोल, एकसारखी कवचं, ओंजळभर ज्वारी सांडावी तशी. दोन्ही प्रथिनं, एकाच घरात वाढलेली, एकमेकांत घट्ट बसलेली. बाईंनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला. "हे बारवंतलं हाय," एवढंच म्हणाल्या.

शोधनिबंध निघाला. त्यावर साहेबांचं नाव, माझं नाव, हैदराबादच्या दोघांची नावं. बाईंचं नाव नाही, आभारातही नाही. मी साहेबांकडे गेलो, भांडलो, हे खरं. पण निबंध परत घेतो म्हणालो का? नाही. नोकरी नवी होती, लग्न ठरत होतं. बाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी निबंध उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो कागूद हाय, भाऊ. बाटलीवर कुनाचं हाय ते बगा."

पुढच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. बाई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या. सगळ्या इमारतीत वाटले. ज्यांनी घेतले त्यांना दिले, ज्यांना पेढे वर्ज्य होते त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या. त्या प्राध्यापकांच्याही. मग हात धुऊन आत गेल्या.

त्याच वर्षी प्रकल्प संपला आणि रोजंदारीवाल्यांना निरोप मिळाला. मला पुण्याला नोकरी लागली. जाताना मी दोन बाटल्या सोबत घेतल्या. माझी गाडी पूर्णेला थांबली तेव्हा बाई फलाटावर उभ्या होत्या. खिडकीतून हात घालून त्यांनी आधी दुरडीतलं कापड ओलं आहे का ते बघितलं, मग कमरेची नळी काढून माझ्या हातात दिली. "आता मला काय करायची? घरात सगळंच चाळीस असतं," म्हणाल्या आणि हसल्या. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाल्या, असू द्या, बाटल्या पडतील. नंतर पत्र टाकलं दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांच्या लेकीचं उत्तर आलं, आई गेली म्हणून. गेल्याला तोवर पाच महिने झाले होते. मी ते पत्र घेऊन पेशींच्या खोलीत जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

मधल्या काळात मी ज्यांनी ज्यांनी मागितल्या त्यांना पेशी वाटत गेलो. गेल्या वर्षी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत व्याख्यानाला बोलावलं होतं. तिथली एक मुलगी, संशोधन करणारी, मोठ्या उत्साहानं पेशी दाखवत होती. म्हणाली, सर, आमच्याकडे पाच प्रकारच्या आहेत, पण दोन-तीन प्रथिनं एकत्र बनवायची असली की आम्ही हीच वापरतो. वीज गेली, एसी बंद पडला, तरी तग धरते. तिनं नोंदवही उघडली. रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, डीएचयू. याचा अर्थ काय ते इथे कुणालाच माहीत नाही, म्हणाली, आधीपासून असंच लिहितात. पुढचा रकाना मूळ स्थानाचा. तो कोराच होता.

मी तिच्याकडे पेन मागितलं. आधी बेसिनवर जाऊन हात धुतले. ती बघत राहिली. मग त्या तीन अक्षरांपुढे मराठीत पूर्ण लिहिलं: धुरपता लक्ष्मण. आणि मूळ स्थानाच्या रकान्यात, ठसठशीत, पुसता येणार नाही असं: कवठसोंड, बारव.